सरदारांची आण

राजा एकच

धार, शुक्रवार, ता. २४ एप्रिल १९०८

चि. भास्कर यास विद्युल्लताचा सलाम.

आधी जे घडले ते लिहिते.

१. बुधवारी सकाळी आमच्या बायकांच्या दवाखान्याच्या फाटकाशी एक बैलगाडी थांबली. गाडीत संताजी गवंडी होता. तुझ्या गढीत हौदाचे काम करणारा, आपल्या ख्रिस्ती मंडळीतला. सोबत त्याची बायको जमुनाबाई.

२. पुरुषांना येथे घेत नाहीत. डॉक्टरीणबाई पहाडावर गेल्या आहेत, जूनपर्यंत येणार नाहीत; तोवर दवाखाना माझ्याकडे आहे. मी त्याला ओसरीवर घेतले.

३. ताप होता. ओठ फुटलेले, जीभ कोरडी. जमुनाबाई म्हणाली, दोन दिवसांत लघवी झालेली नाही.

४. पाठ उन्हाने भाजून फोड आलेले. दोन्ही घोट्यांभोवती कातडी सोललेली, दोन्हीकडे सारख्याच रुंदीची. हाड एकही मोडलेले नाही. डोक्याला मार नाही.

५. वाटेत इंदूरला थांबायचे नाही, असा गाडीवानाला हुकूम होता. हुकूम कोणाचा हे त्याने सांगितले नाही. बैलांना पाणीसुद्धा न दाखवता गाडी वळवून तो निघून गेला.

६. संताजी एकदाच नीट बोलला. म्हणाला, "भास्करभाऊंना विचारा."

७. गुरुवारी दुपारी तो वारला. संध्याकाळी मंडळीच्या कबरस्तानात दफन केले.

जमुनाबाईचे म्हणणे असे. संताजीला पुनरुत्थानाच्या सणासाठी धारेला यायचे होते. हौदाचे काम अपुरे होते. तेव्हा त्याला सरदार हंबीररावांची आण घातली, म्हणजे सरदारांचे नाव घेऊन 'जागचा हलू नकोस' असे बजावले. तुमच्याकडे आण मोडणे हा गुन्हा धरतात. संताजी तरीही निघाला. नाल्यापाशी त्याला धरले. त्यानंतर दोन दिवस त्याचे पाय लाकडी खोड्यात अडकवलेले होते, गढीच्या चौकात, उघड्यावर. जमुनाबाईला चौकात येऊ दिले नाही. म्हणून आण कोणी घातली हे तिला ठाऊक नाही.

तू गढीचा कारकून आहेस. तुझी बैठक त्याच चौकात असते. आण कोणी घातली, खोड्याचा हुकूम कोणी दिला, आणि इंदूरच्या इस्पितळावरून गाडी न थांबवता नेण्यास कोणी सांगितले, हे मला लिही.

मृत्यूची खबर देणे माझे काम होते. ती मी दिली आहे. चौकशी होईल.

तुझी ताई

⁂

राजा एकच

गढी, देवासपासून पाच कोस
मंगळवार, ता. २८ एप्रिल

ती. ताईस भास्करचा सलाम.

ताई, तू पत्र लिहितेस की पंचनामा? माझी प्रकृती कशी आहे, आंबे आले का, एक अक्षर नाही. 'आधी घडले ते लिहिते' म्हणालीस, आणि पुढे मनातलं काही लिहिलंच नाहीस. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

संताजीचं ऐकून फार वाईट वाटलं. माणूस हट्टी होता, पण हाताला सफाई होती. तो हौदाच्या भिंतीवरून पडला, असं मला इथे सांगितलं गेलं. मी त्या दिवसांत कामानिमित्त देवासात होतो, त्यामुळे डोळ्यांनी काही पाहिलं नाही. जमुनाबाई दुःखात आहे; दुःखात माणूस कोणावर तरी राग काढतो. तू शिकलेली आहेस, तू तरी तिच्या बोलण्यावर जाऊ नकोस.

माथ्यावर बाबांचे दोन शब्द लिहिलेत, बघ. धारेच्या कचेरीत नक्कलनवीस असताना बाबा प्रत्येक कागदावर ते लिहायचे आणि लोक समजायचे, महाराजांची स्तुती आहे! देवासात बाबांचा निभाव लागला नसता. इथे राजे दोन, थोरली पाती आणि धाकटी पाती. 'राजा एकच' म्हणणाऱ्याला दोघांनी मिळून गावाबाहेर काढलं असतं. तुम्ही धारेची माणसं एका राजाच्या सवयीची. आम्हाला दोन सांभाळता येतात. घरात एक, कचेरीत एक. आजवर माझ्या दोन राजांचं भांडण झालेलं नाही.

आता आनंदाची बातमी. येत्या रविवारी अखातीज, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, आहे. गढीत त्या दिवशी दरबार भरतो. सरदारांचं घराणं मराठा खरं, पण चार पिढ्या माळव्यात काढल्यावर त्यांनी इकडच्या ठाकुरांची रीत उचलली आहे. अफू पाण्यात घोटून, गाळून, तिचा कसुंबा करतात. यजमान तो आपल्या ओंजळीत घेतो आणि पाहुणा त्या ओंजळीतूनच पितो. हा मान भाऊबंदांचा. यंदा सरदारांनी माझं नाव घेतलं. कारकुनाला ओंजळ! गढीत सगळे माझ्याकडे वळून बघतात.

मला अडचण एकच होती. अमली पदार्थाला शिवणार नाही, अशी शपथ मी मंडळीपुढे घेतली आहे. म्हणून देवासला जाऊन पाळक विश्वासरावांना विचारलं. त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, अफू असेल तर पाप, नसेल तर नुसता शिष्टाचार. मी सरदारांना तसं सांगितलं. ते मोठ्याने हसले. म्हणाले, "अहो भास्करराव, तुमच्या ओंजळीत केशराचं पाणी घालू. मग तर झालं?"

मनाने मोठा माणूस आहे, ताई. परवा सगळ्यांसमोर मला इकडच्या बोलीत भिया, म्हणजे भाऊ, म्हणत विचारलं, "तुमचा येशू राजा आहे म्हणता. मान्य. पण भिया, त्याची जागीर कुठे? गढी कुठे? शिपाईप्यादे किती?"

मी म्हणालो, "सरकार, त्याचं राज्य इथलं नव्हे."

"मग तर झगडाच मिटला! इथलं आम्ही बघतो, तिथलं त्यांना बघू द्या."

सगळे हसले. मीही हसलो.

तुझा भास्कर

⁂

राजा एकच

धार, गुरुवार, ता. ३० एप्रिल

चि. भास्कर यास सलाम.

हे पत्र रविवारच्या आत तुझ्या हाती पडावे म्हणून आजच्याच टपालाच्या टांग्याने पाठवते आहे.

पाळकसाहेबांना तू चुकीचा प्रश्न विचारलास. त्यांनी त्या प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले. ओंजळीत अफू आहे की केशर, याने काही बदलत नाही. मागच्या वर्षी डही गावाकडे एका ठाकुरांच्या घरी मी बाळंतपणाला गेले होते. तेथे एका माणसाचा हात त्याच्या चुलतभावाने मोडला होता. मी बांबूच्या खपच्या बांधल्या. फिर्याद द्यायची ठरली होती. मग दोघांना समोरासमोर बसवून कसुंबा पाजला. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारले, फिर्यादीचे काय झाले. तो म्हणाला, "हात त्यानेच मोडला, बाई. पण त्याच्याच हातचं प्यालो. आता त्याच्याविरुद्ध तोंड कसं उघडू?"

त्याच्या कसुंब्यात अफू किती होती, हे त्याने मला सांगितले नाही. ते महत्त्वाचे नव्हते.

चौकशी व्हायची आहे, आणि नेमके याच वर्षी सरदारांना कारकुनाची आठवण झाली. हा मान नाही, भास्कर.

आता तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी. ता. १४ च्या पत्रात तू लिहिले होतेस की, हौदाचे काम संपेपर्यंत गढीतून पाऊल बाहेर टाकता येणार नाही. या पत्रात म्हणतोस, त्या दिवसांत देवासात होतो. दोन्ही खरे असू शकत नाही. आणि भिंतीवरून पडलेल्या माणसाच्या दोन्ही घोट्यांना सारख्या रुंदीच्या जखमा होत नाहीत.

सरदारांना तू जे उत्तर दिलेस, त्यावर ते का हसले ते मला कळते. तू का हसलास ते कळत नाही. त्याचे राज्य इथले नव्हे, याचा अर्थ ते इथे चालत नाही असा नाही. ते त्याला इथल्या कोणी दिलेले नाही, म्हणून इथला कोणी काढून घेऊ शकत नाही, एवढाच अर्थ आहे. चालायचे ते इथेच. मी रोज सकाळी औषधांचा तराजू पुसते. गुंजभर कमी घातले तर कोणाला कळणार नाही, रोग्याला तर नाहीच. तरी घालत नाही. मला त्याचे राज्य समजते ते एवढेच. रविवारी गाण्यात राजा म्हणणे सोपे आहे. कोणाच्या शब्दाने आपण थांबतो आणि कोणाच्या शब्दाने थांबत नाही, यावरून आपला राजा ठरतो. संताजी थांबला नाही.

घरात एक आणि कचेरीत एक, असे तू लिहितोस. चौकात कोणता होता?

रविवारी आजारी पड. ताप आला म्हण. एवढे खोटे मी तुझ्यासाठी मागते आहे, यावरून काय ते ओळख. ओंजळीपुढे जाऊ नकोस.

तुझी ताई

⁂

गढी, बुधवार, ता. ६ मे

ताई,

माथ्यावर ते दोन शब्द लिहायला घेतले. हात गेला नाही.

हे पत्र गढीच्या टपालात टाकलेलं नाही. उमाशंकर म्हणून इथे एक तुपाचा व्यापारी आहे. तो पीपलरावां गावच्या बाजाराला निघालाय, तिथून टाकील. उत्तर त्याच्याच नावाने पाठव. माझ्या नावाने मुळीच नको.

तुझं पत्र रविवारीच मिळालं, पण दरबार उठल्यावर. सरदारांनी स्वतः अंगरख्यातून काढून माझ्या हातात दिलं. फोडलेलं होतं. म्हणाले, "बहीण हुशार आहे तुमची. नावही वीज, पत्रही वीज! एकदा आणा तिला गढीत. आम्हालाही बघू दे."

मी ओंजळीपुढे गेलो होतो. सरदारांच्या ओंजळीत ठरल्याप्रमाणे केशराचंच पाणी होतं. पाळकसाहेबांना दिलेला शब्द पाळला, असं मनात म्हणालो. मग सरदारांचे चुलते बळवंतराव पुढे झाले. त्यांच्या ओंजळीबद्दल कोणाशी काही ठरलं नव्हतं. एकाची घेतली आणि दुसऱ्याची नाकारली, तर तो भर दरबारात अपमान. ती कडू होती. त्यानंतरच्या सगळ्याच कडू होत्या. बळवंतराव माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "ले भिया, हो गया आपणो!" म्हणजे, झालास आता आपला. सरदार हसले नाहीत. ते फक्त म्हणाले, "भास्करराव, आजपासून तुमची जीभ आमच्या घरची."

तेव्हा मला तुझ्या डहीच्या माणसाची गोष्ट ठाऊक नव्हती. पण कळलं.

मी देवासात नव्हतो, ताई. इथेच होतो. आण मी घातली.

सरदार मला म्हणाले, "तो तुमच्या धर्माचा. आमच्या शिपायाने सांगितलं तर अडून बसेल. तुम्ही सांगा, तुमचं ऐकेल." मला वाटलं, मी त्याच्या भल्याचंच करतोय. तो थापी धूत होता. मी जवळ जाऊन म्हणालो, "संताजी, हंबीरराव सरदारांची आण आहे, गाव सोडू नकोस." त्याने थापी खाली ठेवली. मला म्हणाला, "भाऊ, तुमच्या शब्दाने मी बसलो असतो. पण तुम्ही त्यांच्या नावाने बोललात." एवढंच. रागाने नाही. मग पाण्याने हात धुतले आणि गाठोडं उचललं.

खोड्याचा हुकूम सरदारांचा. मी माझ्या बैठकीवर होतो. दोन दिवस तो समोर होता आणि मी लिहीत होतो. त्याने माझ्याकडे पाणी मागितलं नाही. मागितलं असतं तर दिलं असतं का, हे मला अजून सांगता येत नाही. तू विचारलंस, चौकात कोणता राजा होता. संताजीचा होता. माझा कोणता होता ते तुला कळलंच असेल.

इंदूरला न थांबण्याचं गाडीवानाला मीच सांगितलं. हुकूम त्यांचा, आवाज माझा.

आता रोज संध्याकाळी मला दिवाणखान्यात बोलावतात. वाटी पुढे येते. नाही म्हणता येत नाही, आणि खरं सांगायचं तर घेतल्यावर घटकाभर चौक दिसत नाही.

चौकशीत मी भिंतीवरून पडला असंच सांगणार. मला दुसरं सांगता येणार नाही. तू मला आणखी काही विचारू नकोस.

भास्कर

⁂

राजा एकच

धार, शनिवार, ता. ९ मे

(उमाशंकर यांजकडे)

चि. भास्कर यास सलाम.

तुझे पत्र पोहोचले. मी ते दोनदा वाचले.

मी तुला क्षमा केली की नाही, हा आजचा प्रश्न नाही. ते जमुनाबाईने ठरवायचे. ती माझ्याच खोलीत राहते. तिला मी अजून काही सांगितलेले नाही. तुझ्या तोंडून ऐकावे असे मला वाटते.

तू लिहितोस, जीभ त्यांच्या घरची झाली. मग ता. ६ चे पत्र कोणाच्या जिभेने लिहिलेस? आण मानणाऱ्यालाच लागते. हे तुला संताजीने तोंडावर दाखवून दिले. ओंजळीचेही तसेच आहे. हंबीररावांनी तुला घेतले असेल. पण तुला देऊन टाकण्याचा अधिकार तुझ्याकडे नव्हता. बाप्तिस्म्याच्या दिवशी तू कोणाचा झालास ते बाबांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितले होते. तू सात वर्षांचा होतास आणि पाणी थंड आहे म्हणून रडत होतास. ते पाणी आधीचे आहे, भास्कर.

आता कामाचे. वाटी आजपासून बंद कर. आज बंद केलीस तर दोन रात्री झोप येणार नाही, हातपाय मोडून येतील, पोट बिघडेल. जीव जाणार नाही. दोन महिन्यांनी बंद करायची म्हणालास तर इतक्या खात्रीने मला सांगता येणार नाही. तुझ्यासाठी वेगळे वाढलेले काही खाऊ नकोस, पिऊ नकोस.

चौकशीचे साहेब शुक्रवारी, ता. २९ मे रोजी, धारेत बयाने घेणार आहेत. पहिली साक्ष माझी. आण कोणी घातली असे ते विचारतील. ता. ६ पर्यंत मला ते ठाऊक नव्हते, आता आहे. मी खोटे सांगणार नाही. माझ्या तोंडून आले तर तो तुझ्यावरचा आरोप होईल. तुझ्या तोंडून आले तर ती तुझी कबुली होईल, आणि खोड्याचा हुकूम कोणाचा हेही त्याच दमात सांगता येईल. ते पाहिलेला आणि बोलू शकणारा तू एकटाच आहेस. तू गप्प राहिलास तर कागदावर संताजी भिंतीवरून पडलेला राहील.

उमाशंकर बाजाराला जातात तेव्हा त्यांच्या गाडीतून पीपलरावां गावापर्यंत ये. सामान घेऊ नकोस. तेथून धारेपर्यंतची सोय मी करते.

उशीर करू नकोस.

तुझी ताई

⁂

श्री

मुक्काम गढी, शनिवार, ता. १६ मे

सौजन्यशालिनी विद्युल्लताबाई यांसी,

भास्करराव कारकून यांचा नमस्कार विनंती विशेष.

आपले ता. ९ चे पत्र सरकारांनी कृपा करून वाचून दाखविले. मजकूर कळला. त्यात उल्लेख असलेला उमाशंकर नावाचा कोणी इसम या गावी नाही. आम्ही ता. ६ रोजी कोणासही पत्र लिहिलेले नाही.

संताजी गवंडी हा हौदाच्या भिंतीवरून पडला. आम्ही ते समक्ष पाहिले. त्याची शुश्रूषा सरकारांच्या हुकुमाने उत्तम प्रकारे करण्यात आली. याप्रमाणे आमचे बयान कचेरीत पाठविण्यात येत आहे. प्रकृती ठीक नसल्याने समक्ष हजर होता येणार नाही.

सरकारांच्या मातोश्री नर्मदाबाईसाहेब यांना काही दिवस बरे वाटत नाही. गढीत पडदा असल्याने पुरुष वैद्य चालत नाही. आपल्या हाताचा गुण त्यांच्या कानी गेला आहे. तरी आपण येऊन त्यांना पाहावे, अशी त्यांची इच्छा आहे. बुधवारी, ता. २७ रोजी, सकाळी गाडी दवाखान्याच्या फाटकाशी येईल. जमुनाबाईसही सोबत आणावे; तिच्या निर्वाहाचा विचार सरकार करणार आहेत. गाडीवान तोच असेल. त्याला वाट माहीत आहे, तो इंदूरला थांबणार नाही.

येथे सर्व क्षेम आहे. सरकार आमच्यावर पुत्रवत लोभ करतात. संध्याकाळी दिवाणखान्यात आनंद असतो. आपण आलात म्हणजे काही उणे राहणार नाही.

कळावे, लोभ असावा.

भास्करराव

⁂

राजा एकच

धार, बुधवार, ता. २० मे

चि. भास्कर यास विद्युल्लताचा सलाम.

हे पत्र मी गढीच्याच टपालाने पाठवते आहे. तुझ्या हाती पडण्यापूर्वी ते कोण उघडील हे मला ठाऊक आहे. त्यांनीही वाचावे. त्यांच्यापासून लपवण्यासारखे यात काही नाही.

ता. १६ चे पत्र तुझ्या हातचे आहे. 'र' तू बाबांसारखाच मोडतोस. पण पहिल्या चार ओळींनंतर ओळी उजवीकडे उतरत गेल्या आहेत, आणि शेवटच्या दोन ओळींत कान्यांवर शाई दोनदा फिरली आहे. अफू किती दिली जाते हे मला येथून मोजता येत नाही. वाढली आहे एवढे दिसते.

त्यातले शब्द तुझे नाहीत. जन्मात तू मला विद्युल्लताबाई म्हटलेले नाहीस.

उमाशंकर नावाचा कोणी इसम गावी नाही, असे त्यात आहे. ता. ६ रोजी होता. त्याचे काय झाले हे मी साहेबांना विचारायला सांगणार आहे.

तू संताजीला पडताना समक्ष पाहिलेस, असेही त्यात आहे. ता. २८ एप्रिलला तू लिहिलेस की देवासात होतास आणि डोळ्यांनी काही पाहिले नाहीस. सरदारांनी बयान पाठवण्यापूर्वी तुझी जुनी पत्रे मागवून घ्यायला हवी होती. ती माझ्याकडे आहेत.

एका वाक्यापाशी मी थांबले. "गाडीवान तोच असेल. त्याला वाट माहीत आहे, तो इंदूरला थांबणार नाही." बाईला बोलावताना असे कोणी लिहीत नाही. हे वाक्य सरदारांनी मला भिववण्यासाठी सांगितले, की मी त्या गाडीत बसू नये म्हणून तू त्यांच्या समोर बसून मध्येच घातलेस, हे मला ठरवता येत नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचले आणि तरी ठरवता आले नाही. तू घातले असशील, तर तू अजून आहेस.

गाडी बुधवारी फाटकाशी येऊ दे. रिकामी परत जाईल. जमुनाबाईला मी आता सगळे सांगितले आहे. थांबणे शक्य नव्हते. तिलाही गाडीत बोलावले आहे. ती म्हणाली, "भाऊंना नाही म्हणावं लागू नये म्हणून त्यांनी पाणी मागितलं नाही." मी तिचे शब्द जसेच्या तसे लिहिले आहेत. तिने आणखी एक सांगितले. भाऊ आले तर ओसरीवर संताजीची चटई होती तेथेच त्यांची चटई घालीन, असे म्हणाली. त्या वेळी ती मिठाचे पाणी गाळत होती आणि तिने मान वर केली नाही.

सरदार हंबीररावांनी तुला विचारले होते की, आमच्या राजाची गढी कुठे आणि शिपाईप्यादे किती. त्याचे उत्तर तू दिले नाहीस, म्हणून मी देते. गढी नाही. शिपाई नाहीत. एक गवंडी होता. तो त्यांच्या चौकात दोन दिवस बसला आणि त्याने त्यांची आण मोडलेलीच ठेवली. सरदारांनी याचा विचार करावा. त्या चौकात हुकूम शेवटी कोणाचा चालला?

ता. २९ रोजी मी बयान देणार. आण तू घातलीस हे त्यात येईल. त्यात एक अक्षर कमी होणार नाही. मला ते लिहिताना काय होते हे पत्रात लिहिण्याची गोष्ट नाही. त्याच बयानात मी हेही सांगीन की, माझा भाऊ गढीत आहे, त्याला रोज अफू पाजली जाते, त्याची पत्रे फोडली जातात, आणि तो जिवंत आहे की नाही हे साहेबांनी स्वतः जाऊन पाहावे. तू स्वतः येथे उभा राहिलास तर या शेवटच्या वाक्याची गरज पडणार नाही. येता येत नसेल, तर निदान लिही. बाकी काही लिहू नकोस. माथ्यावर बाबांचे दोन शब्द लिही आणि खाली सही कर. ते दोन शब्द तुझ्या हाताने दुसऱ्या कोणाला लिहवून घेता येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे. ता. ६ ला तुलाही लिहिता आले नव्हते.

उत्तर गुरुवारी, ता. २८ मे रोजी, दुपारच्या टपालाने माझ्या हाती यावे.

तुझी ताई
विद्युल्लता